स्वस्तातलं विमान हळू जातं

“लिही,” सासरे म्हणाले आणि हात मागे बांधून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. “ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं गुन्हेगाराच्या हातातला कप लटपटतो, ज्याच्या नजरेतून भिंतीवरची पालसुद्धा सुटत नाही, ज्यानं आयुष्यात कधी चुकीच्या माणसाचा पाठलाग केला नाही...”

“पाल कालच सुटली,” स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. “कपाटामागे गेलीय.”

“ते लिहू नकोस.”

मी ते लिहून घेतलं. पाठलागाबद्दल मात्र ते खरं बोलत होते. त्यांनी आजवर एकाच माणसाचा पाठलाग केला आणि माणूस बरोबर होता. फक्त मध्येच थांबून त्यानं ह्यांनाच पत्ता विचारला, आणि हे त्याला अगदी दारापर्यंत सोडून आले.

सासरे पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. नोकरीभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपले. निवृत्त झाल्यावर त्यांना साक्षात्कार झाला की आपण इतकी वर्षं मीटर नव्हे, माणसं वाचत होतो. त्यांनी टिपलेल्या आकड्यांबद्दल खात्याचं मत फारसं बरं नव्हतं, त्यामुळे वाचलेल्या माणसांचं काय झालं असेल याचा मला अंदाज आहे. पण दारावर पाटी लागली: ‘खासगी गुप्तहेर. संपूर्ण गुप्तता.’ पाटी लाल दिव्यांची आहे आणि लुकलुकते. रस्त्याच्या पलीकडच्या टोकावरून दिसते.

मी त्यांची सून, आणि सहायक. सून व्हायचं मी ठरवलं होतं, सहायक व्हायचं नाही. पण घरात इंटरनेट वापरता येणारी आणि स्कूटर चालवणारी मी एकटीच. नवरा जहाजावर नोकरीला असतो. वडिलांच्या आणि आपल्या मध्ये एक समुद्र असावा, ही युक्ती त्याला फार लवकर सुचली. मला मात्र ती त्यानं लग्नानंतर सांगितली. सकाळी मी एका विमा कार्यालयात लोकांचे दावे तपासते. तिथंही लोक खोटं बोलतात, पण निदान तयारी करून येतात.

तर एका सोमवारी संध्याकाळी शिलाईवाली आमच्याकडे आली. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर राहते, खिडकीशी मशीन टाकून लोकांच्या पँटी आखूड करते, चेन बदलते, फ्रॉक शिवते. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

“काही सांगू नका,” सासरे म्हणाले. डोळे बारीक केले. “तुम्ही शिवणकाम करता.”

“हो. तुमच्या अंगातली पँट मीच आखूड केली.”

“तुमच्या मनावर ओझं आहे.”

“म्हणून तर आले.”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘काय कमाल आहे’ असा चेहरा केला. हा चेहरा माझ्या कामाचा भाग आहे.

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा लिफ्ट तपासायचं काम करतो. दर महिन्याला कंपनी त्याला विमानानं दुसऱ्या शहरात पाठवते. तिथल्या उंच इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या आणि शनिवारी दुपारच्या विमानानं परत यायचं. गेली सहा वर्षं हे चाललंय. धुण्याआधी त्याच्या खिशातले बोर्डिंग पास ती काढून ठेवते.

“तिकडून विमान सुटायच्या आधी फोन करतात. त्यानंतर चार तासांनी आमचं दार वाजतं. विमानतळ ते घर अर्धा तास धरा. म्हणजे विमानाला लागतात साडेतीन तास. मी एकदा विचारलं होतं, एवढा वेळ कसा लागतो हो? तर म्हणाले, कंपनी स्वस्तातलं तिकीट काढते. स्वस्तातलं विमान हळू जातं.”

मी पेन खाली ठेवलं.

“आणि ते तुम्ही मानलंत?”

“मी कुठं विमानात बसलेय कधी? साधी बस असते, जलद बस असते, तसंच असेल म्हटलं.” तिनं मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं. “शेजारणींनाही सांगितलं. एकीला तर म्हटलं, हळू गेलेलंच बरं बाई, उगीच वरून आपटायला नको.”

मी हसले नाही, कारण माझ्या शेजारी सासरे गंभीरपणे मान डोलवत होते. त्यांना ते पटलं होतं.

“मग परवा माझी भावजय त्याच शहरातून आली, विमानानं. म्हणाली, पट्टा लावला, चहा आला, अर्धा कप पितेय तोवर कप परत मागायला आले. तासाभरात खाली. मग सगळ्यांसमोर म्हणते, वन्सं, तुमच्या ह्यांच्या विमानाला काय बैल जुंपतात का? सगळे हसले. मीही हसले. नंतर भांडी घासताना हसू येईना.”

तिनं बोटावरची मोजपट्टी सोडवली.

“मला एवढंच कळायला हवं की ते अडीच तास कुठं जातात. काही वाकडं असेल, तर भाऊ म्हणतो खोली रिकामी करून देतो, मुलीला आणि मशीनला घेऊन ये. मी जाईन. रडत बसणारी नाही मी. पण नुसत्या संशयावर घर मोडायचं नाही मला. येत्या शनिवारी ते येतील. त्याच्या आत मला खरं काय ते कळू दे.”

शहरात एवढी शहाणी माणसं असताना ही बाई लुकलुकणारी पाटी बघून आमच्या दारात आली, याचं मला मनापासून वाईट वाटलं. सासऱ्यांना वाटलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “निर्धास्त जा. प्रकरण माझ्या हातात आलंय.” ती निर्धास्त न होता गेली.

मी संगणक उघडला. दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यामधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारं एक पान असतं, ते काढलं. सरळ रेषेत सहाशेवीस किलोमीटर. विमानाला एक तास पाच मिनिटं. खाली त्या पानानं कुणी न विचारता हेही सांगितलं होतं की मोटारीनं किती वेळ लागेल आणि चालत किती.

सासऱ्यांनी चष्मा पुसून ते चालण्याचं वाचलं. “पाच दिवस,” ते म्हणाले. “याचा अर्थ तो चालत येत नाही. एक शक्यता निकालात निघाली. लिही.”

“बाबा, सोपं आहे,” मी म्हटलं. “विमान तासाभरात येतं. उरलेला वेळ तो इथंच, या शहरात कुठंतरी काढतो. शनिवारी विमानतळाच्या बाहेरच्या दाराशी उभं राहायचं आणि तो कुठं जातो ते बघायचं.”

सासरे माझ्याकडे बघून हसले. लहान मुलानं दोन आणि दोन पाच सांगितल्यावर मास्तर हसतात तसं. इथं फरक एवढाच की मी चार सांगितले होते.

“सूनबाई, समोरचं बघायला नुसते डोळे पुरतात. घटनास्थळी गुप्तहेर सगळ्यात शेवटी जातो. आधी मत पक्कं करायचं. नाहीतर तिथं जाऊन गोंधळ होतो.”

मंगळवारी त्यांचं मत असं होतं की विमान खरंच हळू जातं. हेही कधी विमानात बसलेले नाहीत, हे मी आधी सांगायला हवं होतं. त्यांच्या मते विमान मध्ये कुठंतरी थांबत असणार, माणसं चढत-उतरत असणार आणि एखाद्या जलद विमानाला वाट देण्यासाठी बाजूलाही उभं राहत असणार. “हवेत?” मी विचारलं. “ते तांत्रिक आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी विमान कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

“तुमचं सगळ्यात हळू विमान कोणतं?”

पलीकडच्या मुलीनं प्रश्न पुन्हा सांगायला सांगितला. मग पुन्हा. मग तिनं अतिशय गोड आवाजात विचारलं की आजोबा, तुम्हाला चाकांची खुर्ची लागेल का. सासऱ्यांनी फोन ठेवला. “बघितलंस? विषय बदलला. काहीतरी लपवतायत.”

बुधवारी वाऱ्यावर संशय गेला. येताना वारा समोरून येत असेल तर विमान मागे रेटलं जात असणार. त्याची तपासणी करायला ते रुमाल घेऊन गच्चीवर गेले. रुमाल हातातून सुटून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसला, आणि तो मागायला गेलेल्या सासऱ्यांना त्या घरच्या बाईनं चादरी कोण ओढतं म्हणून चार शब्द ऐकवले. वर येऊन म्हणाले, “वारा जोरात आहे.”

“सहा वर्षं, दर महिन्याच्या एकाच शनिवारी, तेवढाच वारा?” मी विचारलं.

“वाऱ्यालाही सवयी असतात.”

इथवर मला राग आला नव्हता. सासऱ्यांचा मूर्खपणा हा घरातल्या फ्रिजच्या आवाजासारखा आहे, बंद पडला तरच लक्षात येतो. पण गुरुवारी सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याचं शाळेतलं नकाशांचं पुस्तक काढलं. सासूबाई नाश्ता वाढायला एक ताटली शोधत होत्या, ती सापडेना, कारण ती नकाशावर पालथी पडली होती आणि सासरे तिच्या कडेनं पेन्सिल फिरवत होते.

“विमानाला तासाला सहाशे किलोमीटर. साडेतीन तासांत एकवीसशे. म्हणजे आपल्या शहरापासून एकवीसशे किलोमीटरवरची सगळी गावं या वर्तुळावर आली पाहिजेत. तो सांगतो त्या शहरात जातच नाही. तो या वर्तुळावर कुठंतरी जातो.”

ताटलीचा आणि एकवीसशे किलोमीटरचा संबंध काय, हे मी विचारलं. ते म्हणाले, बशी लहान पडत होती आणि परात पानाच्या बाहेर जात होती. वर्तुळाचा बराचसा भाग समुद्रात गेला होता. उरलेल्यात दोन डोंगर, एक मिठाचं सरोवर आणि बंदराचं एक गाव.

“डोंगरावर विमान उतरत नाही. मिठात कोण राहील? उरलं बंदर.” सासऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “या गावात त्या माणसाचा दुसरा संसार आहे.”

“त्याच्या बोर्डिंग पासवर त्याच शहराचं नाव असतं. ती म्हणाली ना, खिशातून काढून ठेवते म्हणून.”

“छापलेलं कुणीही छापतं.”

मला कार्यालयात जायला उशीर होत होता. हे बाहेर कुठं बोलू नका एवढं बजावून मी गेले. चूक झाली. ह्यांना काही बोलू नका म्हणणं म्हणजे पाटीचं बटण दाबण्यासारखं आहे.

संध्याकाळी परत येताना शिलाईवालीच्या खिडकीत मशीन दिसलं, ती दिसली नाही. मशीनच्या सुईखाली लाल फ्रॉक अर्धा शिवून अडकलेला होता. दार लोटलेलं होतं, मी आत गेले. पलीकडच्या खोलीत तिची सासू गुडघ्याला पट्टा बांधून झोपली होती. स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाखाली बादली होती आणि थेंब पडण्याचा आवाज सगळ्या घरात येत होता. शिलाईवाली पलंगाशी उभी होती. पलंगावर बॅग उघडी होती आणि ती मुलीचे फ्रॉक घड्या घालून तिच्यात ठेवत होती.

“तुमचे सासरे येऊन गेले,” ती म्हणाली. “ती बाई बंदराजवळ राहते म्हणाले. बहुधा शिक्षिका असावी. उंच आहे म्हणाले.”

“उंच कशावरून?”

“ह्यांच्या सगळ्या शर्टांच्या वरच्या दोन बटणांना वेगळा दोरा आहे. खालच्यांना नाही. उंच बाईचा हात आधी वर जातो म्हणाले.”

“तो दोरा कुणी लावलाय?”

“मीच लावलाय. पांढरा संपला होता, म्हणून मग मोतिया लावला.” तिनं फ्रॉकची घडी मोडली, पुन्हा घातली. “मला माहीत आहे हो, मीच लावलाय ते. पण एकदा कुणी असं बोललं ना, की ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही. सकाळपासून मला तिचं घर दिसतंय. खिडकीला पडदे आहेत. निळे.”

मी तिच्याकडे बघत राहिले. एका निवृत्त मीटरवाल्यानं ताटली फिरवून काढलेल्या रेघेवर एक बाई उभी केली आणि इथं एका खरोखरच्या बाईनं तिच्या घराला पडदेसुद्धा लावले. मला इतका संताप आला की माझे कान तापले.

“बॅग भरा, हवं तर,” मी म्हटलं. “पण शनिवार दुपारपर्यंत घर सोडू नका. आपण दोघी विमानतळावर जाऊ आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघू. तोवर माझ्या सासऱ्यांना दार उघडू नका.”

घरी येऊन मी पर्स आदळली. “बाबा, ती बाई बॅग भरतेय.”

“म्हणजे माझा तर्क तिला पटला,” सासरे समाधानानं म्हणाले.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी हातातली शेंग मोडली आणि मान वर न करता म्हणाल्या, “माणूस कुठं जातो हे बघायचं असेल तर माणसाच्या मागे जावं. ताटलीच्या मागे कशाला? आणि माझी ती ताटली घासून द्या, पेन्सिलीचं काळं लागलंय तिला.”

इतक्या वर्षांच्या संसारात त्या एवढं एकदम पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात. सासरे वरमले असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी ताटली घासली. आणि शनिवारी घटनास्थळी जाण्याची वेळ आल्याचं स्वतःच जाहीर केलं.

विमानतळाच्या आगमन कक्षात आम्ही दोघी एका जाड खांबाच्या मागे उभ्या राहिलो. फरशी नुकतीच पुसलेली होती. समोर काचेचं सरकतं दार, त्याच्यापुढे लोखंडी कठडा आणि कठड्याला रेलून नातेवाईक आणि गाड्यांचे ड्रायव्हर. ड्रायव्हरांच्या हातात पाहुण्यांची नावं लिहिलेले पुठ्ठे. त्यांच्यातच सासरे होते, टोपी घालून, वेषांतर करून. त्यांच्याही हातात पुठ्ठा होता. कुणाचं नाव लिहायचं हे न सुचल्यामुळे त्यांनी त्यावर मोठ्या अक्षरांत ‘पाहुणे’ असं लिहिलं होतं.

फलकावर विमान उतरल्याचं आलं. शिलाईवालीनं माझं मनगट धरलं.

“फोन आला होता का?” मी विचारलं.

“आला. सुटतंय म्हणाले. त्याला सव्वा तास झाला.” तिनं फलकावरून नजर काढली नाही. “एवढंसं तर अंतर.”

दार सरकलं. पहिल्या चार-पाच माणसांतच तो होता. खांद्याला एक लहान बॅग, सामानासाठी थांबायचं कारण नाही. बुटका, टक्कल पडत चाललेला, शर्टाच्या वरच्या दोन बटणांना मोतिया दोरा. सासऱ्यांच्या अगदी नाकासमोरून गेला. सासऱ्यांनी त्याला पाहिलं नाही, कारण त्याच क्षणी एक म्हातारं जोडपं त्यांच्यापाशी येऊन थांबलं होतं.

“तुम्हीच का? पुतण्यानं पाठवलं ना?” म्हाताऱ्यानं पुठ्ठा वाचत विचारलं. “आम्हीच पाहुणे.”

सासरे काही बोलायच्या आत त्यांच्या हातात सामानाची ढकलगाडी आली होती. वर तीन पेट्या आणि एक गुंडाळलेली गादी. वेषांतर मोडायचं नाही हा त्यांचा नियम आहे. ते गाडी ढकलत निघून गेले.

लिफ्टवाला मात्र बाहेरच्या दाराकडे वळला नाही. त्यानं एकदा घड्याळ पाहिलं आणि कक्षाच्या पार कोपऱ्यात गेला. तिथं एक बंद पडलेलं फुलांचं दुकान होतं, शटरवर धूळ साचलेली, आणि शटरसमोर खुर्च्यांची एक ओळ. मधल्या खुर्चीवर तो बसला. बूट काढले. मोजे काढून बुटांत सारले. बॅग मांडीवर घेतली, तिच्यावर हात ठेवले आणि समोर बघत राहिला.

“कुणाची तरी वाट बघतोय,” मी कुजबुजले.

मग एक बाई त्याच्या दिशेनं येताना दिसली आणि माझ्या मनगटात शिलाईवालीची नखं रुतली. पण ती विमानतळाची सफाई करणारी बाई होती, हातात लांब दांड्याचा पोछा. ती त्याच्यासमोर आली तसं त्यानं न बघताच दोन्ही पाय वर उचलले. तिनं खालची फरशी पुसली, पुढे गेली. त्यानं पाय खाली ठेवले. दोघांचं एवढं छान जमलेलं होतं की हे पहिल्यांदा होत नव्हतं, हे कुणालाही कळलं असतं.

आम्ही वाट बघितली. पुढच्या विमानाची माणसं आली आणि गेली. त्यानं फोन काढला नाही, वर्तमानपत्र काढलं नाही, डुलकीसुद्धा घेतली नाही. बंद शटरकडे कुणी इतक्या आवडीनं बघतंय हे मी पहिल्यांदाच पाहत होते. चेहऱ्यावर असं सुख की मला क्षणभर संकोच वाटला.

शेवटी शिलाईवालीनं माझं मनगट सोडलं आणि सरळ चालत गेली. मी मागोमाग.

“अगं, तू?” तो धडपडून ताठ झाला. हात आधी मोज्यांकडे गेला. “आत्ताच उतरलो.”

“मघाशीच उतरलात. मी बघत होते.” तिचा आवाज अगदी शांत होता. “कुणाची वाट बघताय?”

“कुणाची नाही.”

“मग काय करताय इथं?”

तो विचारात पडला. खोटं शोधणारे चेहरे मी कार्यालयात रोज बघते, हा तसा नव्हता. खरं सांगायला शब्द सापडत नव्हते त्याला.

“बसलोय,” तो म्हणाला.

“दर महिन्याला?”

“हो.”

“सहा वर्षं?”

“सुरुवातीला दहाच मिनिटं बसायचो. मग वाढत गेलं.” त्यानं एक मोजा पायात चढवला, दुसरा हातातच राहिला. “तिकडे दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेली माणसं ओरडत असतात. घरी दार उघडलं की आईचा गुडघा, तो नळ, मुलीचा भूगोल. वाईट नाही गं त्यात काही. पण इथं कुणी काही मागत नाही. ती एक बाई तेवढी येते, आणि तिलाही फक्त पाय वर करून हवे असतात.”

नेमकी हीच वेळ सासऱ्यांनी साधली. टोपी तिरपी झालेली, घाम आलेला, रिकामी ढकलगाडी घेऊन ते धापा टाकत आले आणि त्यांनी पोछावाल्या बाईकडे बोट रोखलं.

“सापडली. हीच ती. बघ सूनबाई, उंच आहे.”

पोछावालीनं त्यांच्या बोटाकडे पाहिलं, मग त्यांच्या बुटांकडे. “ओल्यात उभे आहात,” ती म्हणाली. “पाय उचला.”

सासऱ्यांनी पाय उचलला. तेवढ्यात दारातून तो म्हातारा ओरडला, “अहो, गाडी कुठं लावलीत? आम्ही उन्हात उभे आहोत.” आणि ज्याच्या खाकरण्यानं कप लटपटतात ते आमचे नरव्याघ्र, पुतण्या नावाच्या अनोळखी माणसाची न आणलेली गाडी शोधायला निमूटपणे बाहेर गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

आता शिलाईवाली हसेल, निदान सुटल्यासारखा श्वास तरी घेईल, असं मला वाटलं. दुसरी बाई नाही, बंदर नाही, निळे पडदे नाहीत. घर शाबूत. पण ती नुसती त्या खुर्चीकडे बघत होती.

“कुणी बाई असती तर बरं झालं असतं,” ती मला म्हणाली. “चार शब्द सुनावले असते तिला. आता ह्या खुर्चीला काय बोलू?”

“रागावू नकोस,” लिफ्टवाला म्हणाला. “पुन्हा नाही बसणार. खरंच नाही.”

“कसं वाटतं?”

“काय?”

“असं बसून.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही मदत करणार होते. मग खाली मान घालून म्हणाला, “बरं वाटतं.”

“उठा.”

“अगं, लोक बघतायत...”

“उठा म्हणते ना.”

तो उठला. ती त्याच्या जागी बसली. आधी कडेला, आमच्याकडे बसली होती तशी. मग सरकत सरकत पार मागे टेकली. चपला काढल्या. गळ्यात मोजपट्टी होतीच, ती काढून पर्समध्ये टाकली आणि पर्सवर हात ठेवले.

“आईंच्या गुडघ्याला तेल चोळायचंय,” ती म्हणाली. “नळाखालची बादली भरली असेल, ती आधी रिकामी करा, नाहीतर सगळ्या घरात पाणी होईल. पाच वाजता लाल फ्रॉकवाली येईल. तिचा फ्रॉक झालेला नाही. ती ओरडेल, तर ओरडू द्या. पलंगावर बॅग भरून ठेवलीय, तिच्यातले मुलीचे कपडे पुन्हा कपाटात लावा. आणि भूगोल आहेच.”

“हो, हो. करतो,” तो म्हणाला. “पण तू घरी कधी येणार?”

तिनं डोळे मिटले होते.

“इथून घरी यायला किती वेळ लागतो,” ती म्हणाली, “ते तुम्हाला माहीत आहे.”

एका पायात मोजा घालून तो जरा वेळ तिथंच उभा राहिला. मग बूट हातात घेऊन टॅक्सीच्या रांगेकडे गेला.